ओळ तीनशे चाळीस

रविवारी हळदीचे सौदे बंद,
म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डात शीतल उपाध्येच्या गाळ्यात
आम्ही पाचजण आमचा बाजार भरवतो.
पोत्यांच्या थप्पीवर जुना पोर्टेबल टीव्ही,
पुढ्यात रबरी बटणांचा स्पेक्ट्रम,
अठ्ठेचाळीस के,
म्हणजे आज शुभ सकाळचं एक फूलसुद्धा
त्यात पाय मुडपून बसेल.
हळद नाकात, हळद बटणांच्या फटींत.

भाव जुन्या रीतीने, रुमालाखाली.
शीतलच्या घरात तीन पिढ्यांची ही विद्या:
दोन बोटं दाबली की दोनशे,
तळव्यावर अंगठा फिरला की वर पन्नास.
छापील खोक्यासकट मूळ कॅसेट, चार बोटं.
तिची कॉपी, एक चहा.
कॉपीची कॉपी आणलीस
तर चहा तूच पाज, वर चार शब्द ऐकून घे.

मिरजेहून इलाही शिकलगार येतो.
घरात सगळे सतारी घडवतात,
हा एकटा टेपरेकॉर्डर उघडून बसतो.
प्रोग्रॅम चढत नसला की
हेडशेजारचा एवढासा स्क्रू
केसाएवढा फिरवतो, डोळे मिटून.
त्या किंचाळण्यात त्याला जवारी ऐकू येते.
"हां, खुलली आता," म्हणतो,
आणि पडद्याच्या कडेने निळेपिवळे पट्टे धावत सुटतात.

गेल्या रविवारी त्रिशला मगदूम आल्या.
बुटाच्या खोक्यात एकवीस कॅसेटी.
वडील इथल्याच एका पेढीवर दिवाणजी होते.
"रद्दीवाला किलोवर मागतोय.
तुमच्यात काय भाव?"

विसांचा भाव लगेच फुटला.
विमानं, बुद्धिबळ, कसलासा चक्रव्यूह.
एकविसावीची चिठ्ठी पुराच्या पाण्यात गेलेली,
फीत तेवढी शाबूत.
तीनदा हुकली, चौथ्यांदा चढली.
इंग्रजी अक्षरांत मराठी विचारू लागली:
पोती किती? वजन किती? हमाल किती?

शीतलने आकडे घातले, कागदावर ताडून पाहिले,
मग कपाळाला आठ्या.
"चुकतंय रे. हमालाला दर वेळी जास्त येतंय.
चाळीस पैसे, पंचाहत्तर, कधी नव्वद."
ओळी काढल्या. तीनशे चाळीसला सापडलं.
पैसे उरले की रुपया पुरा करायचा,
फक्त हमालीत.
तोलाईत नाही, अडतीत नाही.

मी म्हणालो, दुरुस्त करू,
एका ओळीचं तर काम.
त्रिशलाबाईंनी चष्मा पुसला.
"अण्णांची बेरीज चुकलेली
मी तरी कधी बघितली नाही."

तेव्हा कुठे आठवलं मला.
माझा बाप याच यार्डात पोती उचलायचा.
शनिवारी आई ताटलीत पगार मोजायची,
त्यात सुट्टे पैसे यायचे बंद झाले एका वर्षी.
म्हणायची, मशीन आलंय तिकडं,
मशीन कुणाचं ऐकत नाही,
आता हिशेब सरळ.

रुमाल पसरला. मी हात घातला,
पलीकडून त्यांनी.
किती दाबायचे ते ठरवलं नव्हतं.
त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटली,
मुठीवर एकदा थोपटलं,
हात काढून घेतला.
ही खूण किती रुपयांची,
शीतललाही सांगता आलं नाही.

अंधार पडेतो पाच कॉप्या झाल्या.
मूळची गेली परत बुटाच्या खोक्यात, त्यांच्याकडे.
चिठ्ठ्या मी लिहिल्या: हमाली.
खाली बारीक अक्षरात,
तीनशे चाळीसला कुणी हात लावायचा नाही.
इलाही एकेक कानाशी धरून तपासत होता.
"चौथी जरा बेसूर आलीय,"
म्हणाला, "ती राहू दे मला."